व्ही ०५ : रुळांवरच्या मृत्यूची नोंद

विदर्भात जात पडताळणीसाठी ज्यांच्या घरी जुन्या कागदपत्रांची शोधाशोध झाली असेल, त्यांना ‘कोतवाल बुक’ हा शब्द नवा नाही. आज आपण त्यात पणजोबांच्या नावापुढची जात शोधतो. पण ते दप्तर मुळात जन्ममृत्यूच्या नोंदीसाठी होते. मध्य प्रांतात गावचा कोतवाल गावातले जन्म-मृत्यू पोलीस ठाण्यात कळवी, आणि त्या आकड्यांची बेरीज होत होत ती प्रांताची राजधानी असलेल्या नागपूरला, सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालात पोहोचे. आजचा धागा त्या नोंदवहीतल्या एका माणसाविषयी आहे: पायी चालताना आगगाडीखाली सापडलेल्या माणसाविषयी. तो कोणत्या रकान्यात बसतो?

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी नागपूरला १८६७ साली आली. त्या काळच्या सरकारी अहवालांत मृत्यूची कारणे मोजकी असत: पटकी, देवी, ताप, हगवण, आणि शेवटी ‘इजा’. इजांमध्ये आत्महत्या, जखमा व अपघात, सर्पदंश व हिंस्र श्वापदे असे पोटविभाग होते. म्हणजे वाघ-सापाला स्वतंत्र जागा होती, इंजिनाला नव्हती. रेल्वेखाली मेलेला माणूस विहिरीत पडलेल्या आणि झाडावरून कोसळलेल्या माणसांच्या शेजारी ‘अपघात’ म्हणून जमा होई.

युरोपातही चित्र फार वेगळे नव्हते. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी १८९३ साली शिकागो येथे मृत्यूच्या कारणांची जी यादी मांडली, तिच्यातून आजचे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण, म्हणजे आयसीडी, वाढले. १९०९ च्या दुसऱ्या आवृत्तीत वाहने, रेल्वे आणि दरडी कोसळणे हे सारे ‘चिरडून झालेली इजा’ या एकाच शीर्षकाखाली होते. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या देखरेखीखाली सहावी आवृत्ती आली तेव्हा महत्त्वाचा बदल झाला. इजा कोणती, हे एका संकेतांकाने सांगायचे आणि ती कशामुळे झाली, हे दुसऱ्याने. कवटी फुटली ही एक गोष्ट. ती कशाने फुटली ही दुसरी.

१९९० मध्ये मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीत आपल्या माणसाला अखेर स्वतःचे घर मिळाले. व्ही ०१ ते व्ही ०९ हे पादचाऱ्यांचे संकेतांक, आणि त्यांतला व्ही ०५ म्हणजे रेल्वेगाडीशी टक्कर होऊन जखमी झालेला पादचारी. ‘पादचारी’ची व्याख्याही उदार आहे. जो वाहनात, वाहनावर किंवा जनावरावर बसलेला नाही, तो पादचारी. चाकाच्या खुर्चीतला पादचारी, हातगाडी ढकलणाराही पादचारी. चौथा अंक सांगतो की घटना सार्वजनिक रस्त्यावर घडली की त्याबाहेर. त्याखेरीज ती व्यक्ती त्या वेळी काय करत होती, यासाठीही जोडअंक आहे: २ म्हणजे पोटासाठी काम, ४ म्हणजे विश्रांती, झोप किंवा जेवण.

हा चार अंक मी प्रथम वाचला तेव्हा मला ८ मे २०२० ची पहाट आठवली. टाळेबंदीत जालन्याहून रुळांच्या कडेने पायी निघालेले मध्य प्रदेशातले मजूर भुसावळला गाडी मिळेल या आशेने चालत होते. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, करमाडजवळ, थकून ते रुळांवरच झोपले. मालगाडीखाली १६ जण गेले. वर्गीकरणाच्या भाषेत ही नोंद माझ्या समजुतीप्रमाणे व्ही ०५.०, आणि जोडअंक ४.

आता हाच मृत्यू इतर दप्तरांत पाहा. लोको पायलट स्टेशनमास्तरला कळवतो, स्टेशनमास्तर लोहमार्ग पोलिसांना मेमो देतो, पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. आमच्याकडे तिला ‘मर्ग’ म्हणतात. रेल्वेच्या लेखी मात्र तो अतिक्रमी ठरतो: १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. अपघातांच्या हिशेबात त्याला जागाच नाही. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात नेमके यावरच बोट ठेवले होते. अशा तऱ्हेने दरवर्षी सुमारे १५,००० माणसे मरतात, त्यांतली सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर, आणि तरीही रेल्वे त्यांना आपले अपघात मानत नाही, असे समितीचे म्हणणे होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आकडे देतो खरा, पण ‘गाडीतून पडणे’ आणि ‘रुळांवरच्या माणसाला धडक’ हे दोन्ही एकाच रकान्यात.

हे दोन एकत्र करणे निव्वळ आळस म्हणून सोडून देता येत नाही. गाडीतून पडलेला प्रवासी आयसीडीत व्ही ८१.६ आहे, कायद्यात ती ‘अनुचित घटना’ ठरते आणि कलम १२४-अ खाली वारसांना आठ लाख रुपये मिळू शकतात. रुळांवर चालणाऱ्याला त्या कलमाखाली काहीच नाही. देह मात्र दोघांचाही रुळांलगतच सापडतो. रेल्वे दावा न्यायाधिकरणाचे एक पीठ नागपुरातच आहे, आणि अशा दाव्यांतला वाद बहुधा याच प्रश्नाभोवती फिरतो: पडला की चालत होता?

गंमत अशी की हा प्रश्न पहिल्याच नामांकित बळीपासून चालत आला आहे. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाच्या उद्घाटनाला ब्रिटिश खासदार विल्यम हस्किसन वाटेत गाडीतून खाली उतरले. समोरून ‘रॉकेट’ इंजिन येताना दिसताच ते डब्याच्या दाराला लोंबकळले आणि दार उघडून इंजिनाच्या वाटेत गेले. त्यांना व्ही ०५ म्हणावे, की चढता-उतरताना जखमी झालेल्यांचा व्ही ८१.४ द्यावा? मी पहिल्याच्या बाजूचा आहे.

वर्गीकरण इतके बारीक असूनही नोंद पुसट राहते, ती एका ओळीमुळे. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात, नमुना ४ मध्ये, इजा कशी झाली हा प्रश्न विचारलेला असतो. तिथे काही लिहिले नाही आणि वर ‘डोक्यास गंभीर इजा’ एवढेच असले, तर तो मृत्यू एक्स ५९ मध्ये, म्हणजे तपशील न दिलेल्या कारणांत जातो. हेतू ठरवता आला नाही, तर वाय ३१. आत्महत्या मानली, तर एक्स ८१. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला जखमा दिसतात. माणूस रूळ ओलांडत होता, झोपला होता की दारातून निसटला, हे लोको पायलटला आणि पहिल्यांदा तिथे पोहोचलेल्या ट्रॅकमनला ठाऊक असते. त्यांची माहिती मेमोच्या दोन ओळींतून पोलिसांकडे आणि पंचनाम्यातून शवागारापर्यंत आली, तरच ती ओळ भरली जाते.