हाजी कासमची वीजळी

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक कच्छी आजी राहायच्या. दुपारी भांडी आवरताना त्या एक गाणं गुणगुणायच्या. मला त्यातलं 'हाजी कासम' एवढंच कळायचं. कुणा पीराची तारीफ असेल असं मी बरीच वर्षं समजत होतो. खूप नंतर कळलं की ते गाणं बुडालेल्या एका आगबोटीचं आहे, आणि हाजी कासम पीर नव्हता, त्या आगबोटीचा कप्तान होता.

आगबोटीचं खरं नाव 'वैतरणा'. आपल्या ठाणे-पालघरच्या नदीचं नाव. मुंबईच्या ए. जे. शेफर्ड कंपनीची ही बोट १८८५ साली स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या गोदीत बांधली गेली. लांबी सुमारे १७० फूट. आजच्या मानाने लहानच. पण तिच्यावर विजेचे दिवे होते. रात्री किनाऱ्यावरून पाहणाऱ्या ज्या लोकांच्या घरात अजून तेलाचे दिवे जळत होते, त्यांनी तिचं नाव पाडलं 'वीजळी'. मांडवी ते मुंबई हा तिचा फेरा. भाडं ८ रुपये आणि प्रवास साधारण ३० तासांचा.

८ नोव्हेंबर १८८८, गुरुवार, विक्रम संवत १९४५ची कार्तिक शुद्ध पंचमी, म्हणजे गुजराती लोकांची लाभपंचमी. दिवाळीनंतर दुकानं पुन्हा उघडायचा हा मुहूर्त. त्या दिवशी वीजळी कच्छच्या मांडवी बंदरातून निघाली तेव्हा तिच्यावर ५२० उतारू होते. द्वारकेला आणखी लोक चढले आणि आकडा ७०३वर गेला. वर ४३ खलाशी. पुढचा थांबा पोरबंदर, पण हवा इतकी बिघडली होती की बोट तिथे थांबलीच नाही आणि सरळ मुंबईकडे निघाली. संध्याकाळी ती मांगरोळच्या किनाऱ्याजवळ दिसली. माधवपूरजवळ रात्री ती फुटताना पाहिली असं काहींनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती बेपत्ता असल्याचं जाहीर झालं. सरकारने आणि आगबोट कंपन्यांनी शोधायला बोटी पाठवल्या. एक फळीसुद्धा हाती लागली नाही.

नोव्हेंबर हा अरबी समुद्रात चक्रीवादळांचा महिना आहे. वर्षातून दोनदा हा समुद्र वादळं घडवतो. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर मे-जूनमध्ये, आणि पुन्हा पाऊस परतल्यावर, जेव्हा पाणी अजून तापलेलं असतं. १८६४च्या कलकत्त्याच्या भयंकर वादळानंतर सरकार जागं झालं होतं आणि १८७५ साली हवामान खातंही निघालं होतं. पण तार होती ती जमिनीवर. बिनतारी संदेश यायला अजून काही वर्षं जायची होती. बोट बंदर सोडून निघाली की तिला मागून काही कळवायची सोयच नव्हती. आज आपण वादळांना नावं देतो. आपल्या भागात ही पद्धत २००४ पासून सुरू झाली. १८८८च्या त्या वादळाला नाव नव्हतं. लोकांनी नाव लक्षात ठेवलं ते बोटीचं, आणि त्याहून जास्त कप्तानाचं.

ते लक्षात राहिलं कवितेमुळे. भिखाराम सवजी जोशी यांनी 'वीजळी विलाप' नावाचा काव्यसंग्रह काढला. त्याच नावाचं दुसरं पुस्तक दुर्लभराय ध्रुव यांचं आहे. पण ही पुस्तकं अभ्यासकांपुरती उरली. टिकलं ते कुणी रचलं हे माहीत नसलेलं लोकगीत, जे झवेरचंद मेघाणींनी 'रढियाळी रात' या लोकगीतांच्या संग्रहात घेतलं. सौराष्ट्रात माणूस गेल्यावर बायका जी शोकगीतं म्हणतात त्यांना 'मरशिया' म्हणतात. करबलाच्या मातमात म्हटला जाणारा आपला 'मरसिया' तो हाच शब्द. अरबीतून निघालेला हा शब्द काठियावाडच्या हिंदू घरांमध्ये कधीच नांदायला लागला होता. वीजळीचं गाणं हा त्याच घराण्यातला विलाप आहे.

गाणं अगदी घड्याळ लावून चालतं. अमक्या वाजता तिकिटं काढली, अमक्या वाजता बोट हाकारली. भुज-अंजारच्या वऱ्हाडांची दाटी, तेरा वऱ्हाडं एकदम, केशरी पोशाखातले नवरदेव, शेठिये, मुलांची तर गणतीच नाही. मॅट्रिकची परीक्षा द्यायला मुंबईला निघालेले विद्यार्थीही बोटीवर होते असं लोक सांगतात. आपण उर्दू शायरीवर वाढलेली माणसं. आपल्या तुफानात कधी वाजलेले तास नसतात, तिकिटं नसतात. ग़ज़लेतलं तुफान म्हणजे इश्क़, ज़माना, नशीब, काहीही. फक्त वादळ सोडून. कश्ती बुडते, साहिल दूर राहतो, आणि कुणाचाच मुलगा मरत नाही. या बाबतीत हे अनाम गुजराती गाणं मला आपल्या कित्येक उस्तादांच्या शेरांपेक्षा वजनदार वाटतं.

मात्र गाण्याच्या मधोमध एक प्रसंग आहे, आणि मला खरं तर त्याच्याविषयीच बोलायचं आहे. वारा सुटतो, बोट हेलकावे खायला लागते, आणि कप्तानाला विनवणी होते की बोट मागे फिरव. तो नकार देतो. मागे फिरलो तर माझ्या भूमीला लाज येईल, वर अल्ला आहे, अशा अर्थाचं त्याचं उत्तर आहे. गाण्याचा सगळा पेच या नकारात आहे. पुढे जे होतं ते त्याच्या हट्टाचं आणि भरवशाचं फळ ठरतं. पोरबंदरचा इंग्रज प्रशासक लेली याने कप्तानाला पुढे जाऊ नको म्हणून बजावलं होतं, अशी दंतकथाही याच प्रसंगाला जोडलेली आहे.

आता साधा प्रश्न. बोटीवरचा एकही माणूस वाचला नाही. मग भर समुद्रातलं हे बोलणं किनाऱ्यावर कुणी आणलं?

धोराजीचे संशोधक वाय. एम. चितळवाला यांनी या दुर्घटनेवर पुस्तक लिहिलं, २०१० साली. लेलीच्या इशाऱ्याच्या गोष्टीला त्यांना कुठेही आधार सापडला नाही. म्हणजे इशारा देणारा साहेब आणि अल्लावर हवाला ठेवून तो झुगारणारा हाजी, ही जोडी किनाऱ्यावर जुळवली गेली. रडणाऱ्यांना दोष मी देत नाही. ज्याच्या घरातला नवरदेव गेला त्याला विचारायला कुणीतरी हवं असतं, आणि वाऱ्याला विचारता येत नाही. गाणं हाजी कासमला थेट हाक मारतं, 'तुझी वीजळी' म्हणतं, तो ऐकतोय असं धरून. त्या हाकेत रागाइतकीच माया आहे हेही खरं. कुणा फकिराच्या दुव्याने हाजी कासमला ९९ जहाजं मिळाली आणि वीजळी त्यातली शेवटची, अशीही एक आख्यायिका आहे. गाणं तर त्याला शेठही म्हणतं. पण बोट त्याची नव्हती. ती शेफर्ड कंपनीची होती.

आणि त्या कंपनीचं नाव गाण्यात नाही.

मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला होता. बोटीवर सुरक्षेची साधनं अपुरी होती, जीवरक्षक होड्या आणि जाकिटं पुरेशी नव्हती, असं चौकशीत निघालं. ७४६ जीव, आणि ते पाण्यात पडले तर धरायला काय, याचा कुणी हिशेब केला नव्हता. हल्ली गुजराती वर्तमानपत्रं वीजळीला 'गुजरातची टायटॅनिक' म्हणतात. मला ती तुलना उलटी वाटते. टायटॅनिक २४ वर्षांनी बुडाली, १९१२ साली, आणि तिथेही अर्ध्या माणसांना पुरतील एवढ्याच होड्या होत्या. त्यावर जगाने दोन वर्षांत आंतरराष्ट्रीय करार करून नियम केले. मांडवीच्या वऱ्हाडांसाठी कुणी करार केला नाही. त्यांच्या वाट्याला गाणं आलं.

'वर अल्ला आहे' या शब्दांपाशी मी अडकतो, कारण तवक्कुलचा तो अर्थ आम्हाला कुणी शिकवला नव्हता. उंट बांधू की अल्लावर भरवसा ठेवू, असं विचारणाऱ्याला रसूलुल्लाहांनी सांगितलं ते मदरशातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं: आधी बांध, मग भरवसा ठेव. आणि समुद्रावरच्या मुसलमानांनी तर उंट बांधण्याचं अख्खं शास्त्र उभं केलं होतं, तेही कवितेत. १५व्या शतकातला अरब दर्यावर्दी अहमद इब्न माजिद याने १४६२ साली हजाराहून अधिक ओळींचं दीर्घकाव्य रचलं. त्यात ग़म नाही, साहिलची आस नाही. तारे आहेत, वारे आहेत, वाटा आहेत. रजज़ या सोप्या छंदात, म्हणजे काळोखात हलत्या डेकवरही आठवावं म्हणून. कोणत्या बंदरातून कधी निघावं, समुद्र कधी बंद धरावा, हे त्याच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येतं. आपला 'मोसम' शब्द अरबी 'मौसिम'मधून आला तो याच धंद्यातून. (याच इब्न माजिदने वास्को द गामाला हिंदुस्थानची वाट दाखवली हा आळ मात्र बहुतेक अभ्यासक आता मानत नाहीत.)

'नाखुदा' या शब्दाचंही तसंच. फारसीत तो 'नाव' आणि 'ख़ुदा' मिळून झाला, म्हणजे नावेचा धनी. कोकणच्या किनाऱ्यावर त्याचा 'नाखवा' झाला आणि कोळीगीतांत जाऊन बसला. उर्दूत मात्र शायरांना नाखुदा आणि ख़ुदा यांच्या जोडीने असा चकवा दिला की ख़ुदा असताना नाखुद्याची गरज काय, हा विचार शेकडो वेळा बांधला गेला. ग़ज़लेत नाखुदा नेहमीच संशयित. शायरीपुरतं ते ठीक आहे. पण चौकशीत तोच चकवा चालला की मालक सुटतो.

आणखी एक बोट इथे आठवते. १८८० साली सिंगापूरहून निघालेली 'जेद्दाह' सुमारे साडेनऊशे हाजींना घेऊन चालली होती. वादळी हवेत बोटीत पाणी शिरलं. तेव्हा तिचा इंग्रज कप्तान आणि अधिकारी रात्री होडीतून निघून गेले, आणि बोट बुडाली असं एडनला जाऊन सांगितलं. दोन-तीन दिवसांत दुसरी आगबोट जेद्दाहला ओढत एडनला घेऊन आली, आत यात्रेकरू जिवंत. कप्तानाचा परवाना ३ वर्षांसाठी निलंबित झाला. जोसेफ कॉनराडने त्या प्रकरणावरून 'लॉर्ड जिम' ही कादंबरी रचली आणि पळालेल्या अधिकाऱ्याच्या मनाची घालमेल साहित्यात अमर झाली. हाजी कासम बोट सोडून गेला नाही. त्याच्या मनात काय होतं ते विचारायची वेळच आली नाही.

आपल्या किनाऱ्यावरही हे घडलंय. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांनी उलटली. चक्रीवादळ नव्हतं, पावसाळी समुद्र होता. ६००हून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. जे पोहून किनाऱ्याला लागले त्यांच्याकडून मुंबईला दुपारी बातमी कळली. तिचा कप्तान शेख सुलेमान वाचला.

आणि मे २०२१. तौक्ते वादळाची सूचना आधीचे काही दिवस सगळीकडे दिली जात होती. उपग्रह होते, मोबाइल होते. तरी १७ मेला मुंबईपासून दूर समुद्रात तेलविहिरींवरच्या कामगारांचा तराफा, पी-३०५, नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. त्यावर २६१ जण होते. सत्तरच्या आसपास माणसं गेली. आपत्कालीन तराफ्यांपैकी बहुतेकांना छिद्रं होती, असं वाचलेल्या मुख्य अभियंत्याने सांगितलं. कप्तानाने इशारे मनावर घेतले नाहीत, असंही त्याने सांगितलं. पोलिसांनी पहिला गुन्हा नोंदवला तो कप्तानावर. कप्तान त्या वेळी बेपत्ता होता.

ती बातमी वाचली त्या दिवशी मला कच्छी आजींचं गाणं पुन्हा ऐकावंसं वाटलं. आजी आता नाहीत. मग गाण्याचा छापील पाठ काढून मी शब्द न् शब्द लावत बसलो. तेरा वऱ्हाडं मोजलेली, शेठिये मोजलेले. वीजळीवरच्या ४३ खलाशांमधलं एकच नाव त्यात आहे.