मुलाच्या हातामागचा हात

लहान मुलाला पुढे करून मोठ्याने गुन्हा करवून घेतला, तर गुन्हेगार कोण? याचं उत्तर 1860 च्या भारतीय दंड संहितेतच आहे. कलम 82 प्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. पण कलम 108 मध्ये उदाहरण दिलंय: सात वर्षांखालच्या मुलाला चिथावून कोणी खून करवला, तर मूल सुटतं आणि चिथावणारा खुनी ठरतो. मुलाला आत्महत्येला प्रवृत्त करणाऱ्याला कलम 305 खाली फाशीपर्यंत शिक्षा होती.

हा कायदा आपल्या सोनकच्छला उशिरा आला. गाव शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होतं. 1948 मध्ये मध्य भारत झाला, आणि 1951 च्या केंद्रीय कायद्याने ही संहिता अशा राज्यांना लागू झाली.

त्याच इंग्रज सरकारने 1871 मध्ये मात्र उलटी वाट धरली. गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. 1897 च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारवसाहतीत ठेवायची सोय केली. म्हणजे एका कायद्यात मूल हे दुसऱ्याच्या हातातलं साधन, आणि दुसऱ्यात मूलच संशयित! हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात 31 ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळतात.

मुलांचा वापर किती क्रूर होऊ शकतो, ते कोल्हापूरच्या गावित खटल्यात दिसलं. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित 1990 ते 1996 या काळात लहान मुलं पळवून चोरीसाठी वापरत. कडेवर मूल असलं की बाईवर कोणी संशय घेत नाही. चोरी पकडली गेली, तर लोकांचं लक्ष वळवायला त्या मुलालाच इजा करायची. नको झालेल्या मुलांचे खून केले. दोघी बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने 2001 मध्ये फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये ती कायम केली, आणि दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये तिची जन्मठेप केली.

पुढे कायदा अधिक स्पष्ट झाला. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 83 मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड सांगतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 95 मध्ये मुलाला गुन्ह्याच्या कामी लावणाऱ्याला तीन ते दहा वर्षं कैद आहे. गुन्हा प्रत्यक्ष घडला, तर तो त्याने स्वतःच केला असं धरून त्याचीही शिक्षा. आत्महत्येचं जुनं कलम आता 107 झालंय.

माझी चिंता वेगळी आहे. मालव्यात आजही लग्नाच्या मांडवातून दागिन्यांची पिशवी एखादं पोर उचलतं, आणि आपण लगेच विचारतो, "कोणत्या जातीचा?" हा प्रश्न 1871 चा आहे. कायद्याचा प्रश्न, 1860 पासूनचा, असा: याला मांडवात पाठवलं कोणी, आणि तो नाही म्हणाला असता तर त्याचं काय केलं असतं? ठाण्यात तक्रार लिहिताना आपण हा प्रश्न विचारला, तरच कलम 95 कागदावरून खाली उतरेल.