खेळण्यांच्या बाजारातील मुलगा-मुलगी भेद : शिनोली आणि घोड नदीचे खोरे

खेळणी मुलग्यांची आणि मुलींची अशी वेगळी करून रंगवणे, मांडणे, जाहिरातीत दाखवणे आणि विकणे. हा भेद प्रत्यक्ष खेळण्यात क्वचितच असतो. तो असतो खोक्यावरच्या चित्रात, दुकानातल्या फळीवर आणि विकणाऱ्याच्या तोंडी. महानगरांतील दुकाने व दूरचित्रवाणी यांच्या संदर्भात या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत नोंदीत तो पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील शिनोली व आसपासचा जुन्नर-आंबेगाव परिसर समोर ठेवून मांडला आहे.

शिनोली हे घोडेगावहून डिंभे धरणाकडे आणि पुढे भीमाशंकराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. तालुक्याचे ठिकाण घोडेगाव, मोठी पेठ मंचर. पश्चिमेच्या डोंगराळ भागात महादेव कोळी व ठाकर वस्त्या, भातशेती आणि हिरडा. पूर्वेला कांदा-बटाट्याचे बागायत. अशा गावात खेळणे पोचते ते यात्रेतल्या पालावरून, मंचर-घोडेगावच्या दुकानांतून, आणि अलीकडे मोबाइलवर मागवलेल्या खोक्यातून. यांपैकी यात्रेचे पाल सर्वांत जुने, आणि भेद कसा चालतो हे पाहायला सर्वांत सोयीचे.

पालावरचा प्रश्न. चैत्र-वैशाखात या भागात गावोगावच्या यात्रा भरतात. महाशिवरात्रीला आणि श्रावणात भीमाशंकराची वाट माणसांनी भरून जाते. खेळण्यांच्या पालासमोर एखादी बाई थांबली, की विक्रेता खेळण्याचे नाव घेण्याआधी विचारतो, ‘पोरगा हाय का पोरगी, मावशी?’ मुलाचे वय तो नंतर विचारतो, आवड बहुधा विचारतच नाही. या प्रश्नामागे काही तत्त्वज्ञान नाही. गर्दी आहे, गिऱ्हाइकाच्या हातात शंभराची नोट आहे आणि समोर दोनशे वस्तूंचा ढीग आहे. एका प्रश्नात तो ढीग निम्मा होतो. उत्तर ‘पोरगा’ असेल तर जेसीबी, ट्रॅक्टर, बंदूक, मोटार पुढे येते. ‘पोरगी’ असेल तर बाहुली, किचन सेट, पर्स, आरसा-फणीचा संच. मूल बरोबर असेल आणि त्याने दुसऱ्याच वस्तूकडे बोट दाखवले, तर घरच्यांपैकीच कुणीतरी म्हणते, ‘ते पोरींचं हाय, ठेव.’ विक्रेत्याला तेवढेही बोलावे लागत नाही.

याच पालावर काही वस्तू मात्र या प्रश्नातून सुटलेल्या असतात. फुगा, भिंगरी, पिपाणी, खुळखुळा घेताना कुणी काही विचारत नाही. स्वस्त, सुटे, खोक्याविना विकले जाणारे खेळणे सगळ्यांचे. किंमत वाढली आणि पुठ्ठ्याचे खोके आले, की त्यावर मुलाचे किंवा मुलीचे चित्र येते. भेद खोक्याबरोबर येतो असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक नवलाची. मोठ्यांच्या कामाची तालीम म्हणून मुले खेळतात असे मानले, तर पालावरची खेळणी या भागातल्या कामाशी जुळायला हवीत. ती जुळत नाहीत. भाताची लावणी, खुरपणी, कांद्याची काढणी, हिरडा गोळा करणे ही कामे या खोऱ्यात मोठ्या प्रमाणावर बायका करतात. पण शेतीचे खेळणे म्हणजे ट्रॅक्टर, आणि तो मुलग्याचा. खुरप्याचे, विळ्याचे, पाटीचे खेळणे कुठल्याच पालावर नाही. मुलीच्या हाती दिला जाणारा किचन सेट गॅसच्या शेगडीचा आणि मिक्सरचा असतो. त्यातली बाई दिवसभर घरात असते, शेतावर जात नाही. म्हणजे हे खेळणे आईचे काम दाखवत नाही. ते एका कल्पित शहरी घराचे चित्र दाखवते, आणि त्या चित्रात आईचे निम्मे कष्ट नाहीतच.

बैलगाड्याची गोष्ट याला जोडूनच येते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा बैलगाडा शर्यतींचा मुलूख. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. शर्यती बंद असतानाही मुलग्यांचा गाड्याचा खेळ काही बंद झाला नव्हता: दोघांनी बैल व्हायचे, तिसऱ्याने मागून ‘भिर्रर्र’ म्हणत हाकायचे. या खेळाला पैसा लागत नाही आणि जाहिरात तर नाहीच, तरी तो मुलग्यांचाच मानला जातो. तेव्हा सगळा दोष बाजारावर घालणे सोपे असले, तरी खरे नाही.

बाजाराआधीचे खेळ. महाराष्ट्रात खेळांची वाटणी जुनी आहे. सागरगोटे, फुगडी, भोंडला, भातुकली मुलींची. विटीदांडू, भोवरा, गोट्या मुलग्यांच्या. भातुकलीतल्या पितळी भांड्यांत चूल, जाते, पाटा-वरवंटा, बंब, सारे प्रपंचाचे सामान असे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले. त्याआधी आठ-दहा वर्षांच्या मुली सासरी जात, तेव्हा खेळ कुठे संपला आणि संसार कुठे सुरू झाला हे सांगणेही अवघड होते. पुण्यातील विलास करंदीकर यांनी जमवलेला भातुकलीचा मोठा संग्रह पाहताना आपण त्या भांड्यांच्या नक्षीवर लुब्ध होतो. ती भांडी हाताळणाऱ्या मुलीला दुसरे काय मिळत होते, हा प्रश्न प्रदर्शनात सहसा विचारला जात नाही.

तरीही त्या जुन्या वाटणीत आणि आजच्या बाजारात फरक आहे. भातुकलीत भाऊ पाहुणा म्हणून जेवायला येई, बाहुला-बाहुलीच्या लग्नात वऱ्हाडी होई. भूमिका ठरलेल्या होत्या, वस्तू मात्र घरातल्या सगळ्यांच्या होत्या. सावंतवाडीच्या चितारआळीत घडणारी रंगीत लाकडी फळे किंवा चालायला शिकवणारा पांगुळगाडा ताईचा संपला की धाकट्याकडे जाई. झबली-टोपडी जुन्या लुगड्यातून शिवली जात, रंग लुगड्याचा असेल तो. संक्रांतीच्या बोरन्हाणाला मुलगा असो की मुलगी, अंगात काळेच. गुलाबी आणि निळा यांचे भांडण या घरांत नव्हते.

दिवाळीतला मातीचा किल्ला हे या परिसराचे खास प्रकरण आहे. शिवनेरी जुन्नर तालुक्यातच आहे. किल्ल्यासाठी विकत मिळणाऱ्या चित्रांत महाराज, मावळे, तोफा, पहारेकरी वर गडावर. बायका असल्याच तर खाली पायथ्याच्या गावात, गवळण किंवा जात्यावर बसलेली. मुली हौसेने माती कालवतात, हळीव पेरतात, बुरूज चढवतात. पण बाजारातून आणलेल्या चित्रांनी त्यांची जागा गडाखाली नेमून ठेवलेली असते.

रंगाचे गणित. गुलाबी मुलीचा आणि निळा मुलग्याचा, ही समजूत पाश्चात्य देशांतही फार जुनी नाही. १९१८ मध्ये एका अमेरिकन व्यापारी मासिकाने नेमका उलटा सल्ला दिला होता: गुलाबी ठसठशीत, म्हणून मुलग्याला, निळा नाजूक, म्हणून मुलीला. आजची जोडी दुसऱ्या महायुद्धानंतर घट्ट झाली. समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्वीट यांनी सिअर्स कंपनीच्या जुन्या कॅटलॉगांचा अभ्यास केला. १९७५ च्या कॅटलॉगमध्ये उघडपणे मुलग्यांची किंवा मुलींची म्हणून दाखवलेली खेळणी २ टक्क्यांहून कमी होती आणि सुमारे ७० टक्के जाहिरातींत अशी कोणतीच खूण नव्हती. स्त्री-चळवळीच्या जोराच्या त्या काळानंतर भेद पुन्हा वाढला. १९८४ मध्ये अमेरिकेत मुलांच्या कार्यक्रमांवरील बंधने सैल झाली आणि खेळण्यांभोवतीच मालिका तयार होऊ लागल्या, हे त्याचे एक कारण.

तोच माल लवकरच इकडे आला. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या फनस्कूलच्या गोव्यातील कारखान्याने जी. आय. जो हा सैनिक भारतीय मुलग्यांच्या हाती दिला. बार्बीही त्याच सुमारास भारतीय दुकानांत आली. खुद्द अमेरिकेत जी. आय. जो १९६४ मध्ये बाजारात आणताना त्याला बाहुली न म्हणण्याची दक्षता घेतली होती. कपडे बदलता येणारा तो बाहुलाच होता, पण बाप मुलासाठी बाहुली विकत घेणार नाही अशी विक्रेत्यांना धास्ती होती.

पुणे जिल्ह्याशी थेट जोडलेले उदाहरण म्हणजे किंडर जॉय. फेरेरो या इटालियन कंपनीचा कारखाना बारामतीत आहे. अंड्याच्या आकाराच्या कवचात अर्धी मिठाई व अर्धे खेळणे असलेली ही वस्तू आता वाड्यावस्त्यांवरच्या किराणा दुकानांतही दिसते. काही वर्षे भारतात ती निळ्या व गुलाबी अशा दोन प्रकारांत, एक मुलग्यांसाठी आणि एक मुलींसाठी, विकली गेली व त्यावर टीकाही झाली. खाऊ दोन्हींत तोच. मागणीला आतले खेळणे कारण झाले असेल, पण व्यापाराच्या दृष्टीने फायदा उघड आहे: घरात भाऊ-बहीण असतील तर एक घेऊन भागत नाही. सायकल, दप्तर, पाण्याची बाटली यांचेही तेच. थोरलीची गुलाबी सायकल धाकट्याला चालत नाही, म्हणून नवी घ्यावी लागते. हातावर पोट असलेल्या घराला हा भेद रोख पैशात भोवतो, आणि या विषयावरच्या चर्चेत ही बाब फार कमी येते.

जन्मजात की शिकवलेले? याबद्दल संशोधकांत एकमत नाही. २००२ मध्ये व्हर्व्हेट माकडांवर झालेल्या प्रयोगात नर माकडे चेंडू व मोटारीशी, तर माद्या बाहुली व भांड्याशी जास्त वेळ रमल्या; आवड उपजत असते असे म्हणणारे हा दाखला देतात. माकडिणीला स्वयंपाकाच्या भांड्याचे काय सोयरसुतक, हा प्रश्न टीकाकारांनी विचारला आणि तो रास्तच आहे. दुसऱ्या बाजूला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४ ते ७ वर्षांच्या मुलींपैकी काहींना बार्बी आणि काहींना बटाट्याच्या आकाराची ‘मिसेस पोटॅटो हेड’ खेळायला दिली. बार्बीशी खेळलेल्या मुलींनी मोठेपणी आपण करू शकू अशी कामे मुलग्यांच्या मानाने कमी सांगितली. प्रयोग ३७ मुलींचाच होता, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला उभारू नये.

नियम. भारतात खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश २०२० मध्ये निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले. आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. सुमारे ३७ कोटी डॉलरची २०१८-१९ मधील आयात २०२१-२२ मध्ये ११ कोटींवर उतरली. रंगातले शिसे, टोकदार कडा आणि माल कुठला, हे या व्यवस्थेत तपासले जाते. खोक्यावर कोणाचे चित्र आहे, हे नाही. जाहिरातींपुरते बोलायचे तर मुंबईस्थित ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या स्वनियमन संस्थेने जून २०२२ मध्ये घातक लिंगसाच्यांविषयी मार्गदर्शक सूत्रे काढली. स्वयंपाक करणारी बाई दाखवायला हरकत नाही, पण ते काम तिचेच असे सुचवू नये, असा त्यांचा रोख आहे. ब्रिटनमध्ये असा नियम जून २०१९ पासून आहे. स्पेनमध्ये डिसेंबर २०२२ पासून खास खेळण्यांच्या जाहिरातींसाठी संहिता आहे. कॅलिफोर्नियात ५०० किंवा अधिक नोकर असलेल्या मोठ्या दुकानांना १ जानेवारी २०२४ पासून मुलगा-मुलगी भेद नसलेला विभाग ठेवावा लागतो. यांतले काहीही यात्रेतल्या पालापर्यंत पोचणारे नाही.

दुसरी वाट. महाराष्ट्रात भेद न करणाऱ्या खेळसामानाची परंपरा बाजाराबाहेर वाढली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे बालवाड्या चालवताना शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हेच साहित्य वापरले. उद्देश स्वस्ताईचा आणि आदिवासी मुलांच्या ओळखीच्या वस्तूंचा होता. लिंगभेद टळला तो आपसूक. चिंचोका मुलग्याचा की मुलीचा, हे कोण सांगणार? पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार, तसेच चुंबक व तारेची मोटार करायला हजारो मुलांना शिकवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांना खोकेच नाही.

बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकांतील चित्रे बदलली: आई-वडील दोघे मिळून भाजी निवडतात, डॉक्टर बाई आहे, इस्त्री करणारा पुरुष आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने ३ ते ८ वयोगटासाठी ‘जादुई पिटारा’ हा खेळसंच जाहीर केला. शाळा आणि अंगणवाडीकडून येणारे हे खेळणे विकत घ्यायचे नसते, त्यामुळे ‘पोरगा का पोरगी’ हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जीएमआरटी दुर्बिणीच्या आवारात राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त भरणाऱ्या प्रदर्शनात शाळकरी मुले-मुली पुठ्ठा, तारा आणि बल्ब यांची स्वतः केलेली प्रतिकृती घेऊन उभी असतात. गाडीतून उतरून मुलीने आपला पवनचक्कीचा सांगाडा टेबलावर ठेवला, तर शेजारचा मुलगा ‘पोरींचं हाय’ म्हणत नाही; त्याला फक्त तिचे पाते का फिरते आणि आपले का अडते, एवढेच हवे असते.