पेनिसिलीन अधिहर्षता परीक्षा

पेनिसिलिनाचे इंजेक्शन देण्यापूर्वी रोग्यास त्या औषधाची अधिहर्षता म्हणजे ॲलर्जी आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी करण्यात येणारी त्वचेवरील परीक्षा. गुप्तरोग चिकित्सालयांत या परीक्षेला विशेष महत्त्व आहे. कारण उपदंश (गरमी) या रोगावर पेनिसिलीन हेच आजही पहिल्या पसंतीचे औषध असून उपदंश झालेल्या गर्भवतीच्या बाबतीत त्याला भरवशाचा पर्याय नाही. अधिहर्षता ध्यानात न आल्यास रोग्याच्या जिवाला धोका असतो, तर ती नसताना आहे असे धरून चालल्यास रोगी योग्य उपचारास मुकतो.

ऐतिहासिक आढावा : उपदंशावर पूर्वी पारा आणि १९१० नंतर सॅल्व्हर्सान व त्याच्या वर्गातील आर्सेनिकयुक्त औषधे देत. हे उपचार दीर्घकाळ चालत व विषारी असत. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये शोधलेले पेनिसिलीन जॉन मॅहोनी व त्यांचे सहकारी यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत उपदंशाच्या चार रोग्यांना देऊन पाहिले व ते गुणकारी ठरले. महाराष्ट्रात पुण्याजवळील पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. याच सुमारास प्रचारात आलेले बेंझाथीन पेनिसिलीन स्नायूत टोचल्यावर सावकाश शोषले जाते व रक्तात दोन ते तीन आठवडे टिकते. लोकलज्जेमुळे पुन्हा न येणाऱ्या रोग्याचा प्राथमिक अवस्थेतील उपदंश २४ लक्ष एककांच्या एकाच मात्रेने बरा करता येऊ लागला.

पेनिसिलिनाविषयीची भीतीही याच काळात निर्माण झाली. १९४९ मध्ये अमेरिकेत पेनिसिलिनामुळे ॲनाफिलॅक्सिस होऊन ओढवलेल्या मृत्यूचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. या विकारात काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, श्वासमार्ग आकुंचित होतो व रक्तदाब एकदम घसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार पेनिसिलीन दिलेल्या दर १०,००० रोग्यांत सु. १·५ ते ४ जणांना ॲनाफिलॅक्सिस होतो आणि १ लाखात सु. १·५ ते २ मृत्यू घडतात. याउलट, १९५२ ते १९६४ या काळात यॉज रोगाविरुद्धच्या जागतिक मोहिमेत सु. ५ कोटी लोकांवर बहुतांशी एकेका इंजेक्शनने उपचार झाले. महाराष्ट्रासह भारतातील अनेक राज्यांच्या आदिवासी भागांत आढळणारा हा रोग नाहीसा झाल्याचे २०१६ मध्ये प्रमाणित करण्यात आले.

पद्धती व मर्यादा : पेनिसिलिनाचा रेणू लहान असल्याने तो एकटा प्रतिजन म्हणून कार्य करू शकत नाही. शरीरात त्याचे बीटा-लॅक्टाम वलय उघडून तो प्रथिनांशी जोडला जातो व त्यापासून मुख्यतः पेनिसिलॉइल गट तयार होतो. १९६० नंतरच्या दशकात हा गट पॉलिलायसिनास जोडून परीक्षाद्रव्य तयार करण्यात आले. भारतात ते सहजी उपलब्ध नसल्याने स्फटिकी पेनिसिलिनाचा विरल विद्राव हाताच्या पुढील भागाच्या त्वचेत टोचण्याचा प्रघात पडला. बोलीभाषेत यालाच ‘टेस्ट डोस’ म्हणतात. पंधरा ते वीस मिनिटांत तेथे फुगवटी येऊन मूळ आकारापेक्षा किमान ३ मिमी. वाढल्यास परीक्षा अस्तिपक्षी समजतात. मात्र या पद्धतीत मुख्य गटाची परीक्षा होत नसल्याने अधिहर्षता निसटू शकते. विद्राव तीव्र असल्यास केवळ दाहामुळेही फुगवटी येते. आणि अधिहर्षतारोधी औषधे चालू असलेल्या रोग्यात ती दबून राहते. बेंझाथीन पेनिसिलीन हे दुधाळ निलंबन असल्याने परीक्षेस निरुपयोगी आहे. परीक्षा नास्तिपक्षी आली, तरी ॲड्रेनॅलीन हाताशी ठेवून इंजेक्शननंतर रोग्यास अर्धा तास बसवून ठेवणे आवश्यक असते.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील संदर्भ : १९९० नंतरच्या दशकात या जिल्ह्यांत एचआयव्हीचा प्रसार झाल्यावर गुप्तरोगांच्या उपचाराकडे नव्याने लक्ष वेधले गेले, कारण जननेंद्रियावरील व्रणातून एचआयव्हीचा संसर्ग अधिक सुलभपणे होतो. पाचगणी येथे १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी सुरू झालेल्या बेल-एअर आरोग्यधामात पुढे एचआयव्हीबाधितांची शुश्रूषा होऊ लागली. सांगलीत संग्राम ही संस्था १९९२ मध्ये व वेश्याव्यवसायातील स्त्रियांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद १९९६ मध्ये कार्य करू लागली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने शासकीय गुप्तरोग चिकित्सालयांसाठी रंगांनी ओळखावयाचे औषधसंच ठरविले. त्यांपैकी व्रणासाठीच्या पांढऱ्या संचात बेंझाथीन पेनिसिलीन व ॲझिथ्रोमायसीन, तर पेनिसिलीन न सोसणाऱ्यांसाठीच्या निळ्या संचात डॉक्सिसायक्लीन व ॲझिथ्रोमायसीन असते. परंतु डॉक्सिसायक्लीन गर्भवतीस वर्ज्य असून ॲझिथ्रोमायसिनाने गर्भातील उपदंश खात्रीने बरा होत नाही. निळा संच हा सर्वांसाठीचा तोडगा नव्हे तो यामुळेच.

आधुनिक दृष्टिकोन : पेनिसिलिनाची अधिहर्षता असल्याचे सांगणाऱ्यांपैकी सु. ९० टक्क्यांहून अधिक व्यक्तींत ती तपासणीअंती आढळत नाही. खरी अधिहर्षताही बहुतेकांत दहा वर्षांत ओसरते. म्हणून कोणते औषध घेतले होते, किती वेळाने व कोणती लक्षणे दिसली, त्यानंतर पेनिसिलीन सोसले काय, ही विचारपूस परीक्षेइतकीच महत्त्वाची ठरते. अधिहर्षता निश्चित झालेल्या उपदंशग्रस्त गर्भवतीस पेनिसिलीन अत्यल्प मात्रेपासून चढत्या क्रमाने पाजून तात्पुरते सोसावयास लावतात. १९८५ मध्ये अमेरिकेत या रीतीने १५ गर्भवतींवर उपचार केल्याचे प्रसिद्ध झाले. चौदा मात्रांची ही प्रक्रिया सु. चार तासांत पूर्ण होते; तथापि ती रुग्णालयातच करावी लागते. एरवी अनुपचारित राहणारा उपदंश गर्भपात, मृतजन्म किंवा अर्भकाचा जन्मजात उपदंश यांस कारणीभूत होतो. त्यामुळे केवळ संशयावरून पेनिसिलीन नाकारणे ही सावधगिरी ठरत नाही.