काचेचें तळें : आकार आणि उजेड

मासा पाण्यांतच गुदमरून मरतो, हें ऐकावयास विपरीत वाटतें. पण ज्या घरीं वाटोळ्या काचेच्या भांड्यांत दोन सोनेरी मासे हौसेनें आणून ठेविले गेले, त्या घरच्या मुलांना याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं. चार दिवस पाणी निर्मळ दिसतें. मग मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें वासूं लागतात आणि एके सकाळीं पाण्यावर तरंगतांना आढळतात. दोष बहुधा भांड्याच्या आकाराचा असतो. हें ओळखण्यास मनुष्याला पुष्कळ काळ लागला.

माशांविषयींचें कुतूहल आपल्याकडे नवें नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत माशांच्या जाती व त्यांचा आहार यांचें वर्णन आहे. छत्रपति संभाजीनगरच्या पाणचक्कीच्या हौदांत मासे पोसले गेले, ते नहरीनें दुरून येणाऱ्या वाहत्या पाण्याच्या बळावर. परंतु साठलेल्या पाण्यांत जीव कसा तगवावा, हा प्रश्न वेगळा होता.

त्याचें उत्तर वनस्पतींनीं दिलें. दूषित हवा पुदिन्याच्या डहाळीनें शुद्ध होते, असें प्रीस्टले यास १७७१ सालीं दिसून आलें. हें कार्य हिरवीं पानें केवळ उजेडांतच करतात, हें इंगेनहाउझ यानें १७७९ सालीं दाखविलें. पुढें लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें १८४९ सालीं १२ गॅलनांच्या, म्हणजे सुमारें ५४ लिटरांच्या काचपात्रांत दोन सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया ही लांब पानांची पाणवनस्पति ठेविली. कुजक्या पानांनीं पाणी गढूळ होऊं लागलें, तेव्हां त्यानें गोगलगाई सोडल्या. त्यांनीं ती घाण खाऊन टाकली आणि समतोल साधला.

इंग्लंडांत काचेवरील कर १८४५ सालीं उठला होता. गॉस याच्या १८५४ सालच्या पुस्तकानें ‘ॲक्वेरियम’ हें नांव घरोघर पोंचविलें. पण ही हौस लवकरच ओसरली. लोक काचेच्या पेट्या खिडकींत ठेवीत. चोहों बाजूंनीं ऊन शिरे, पाणी तापे, काचेवर शेवाळ चढे आणि मासे दगावत. निसर्गांतील तळ्याला उजेड वरूनच मिळतो, हें ध्यानीं घेऊन वॉरिंग्टननें केवळ पुढील बाजूस काच असलेली, तिरप्या पाठीची टाकी बनविली.

या इतिहासाचा धडा मराठवाड्यांत विशेष उपयोगी आहे. कन्नड तालुक्यांतील देवगाव रंगारीसारख्या गांवीं उन्हाळ्यांत हवा तापली कीं पाणीहि तापतें. २० अंश उष्णतेच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळतो, ३० अंशांस सुमारें साडेसातच. म्हणजे माशाला अधिक हवें तेव्हांच पाण्यांत कमी असतें. प्राणवायु पृष्ठभागांतून आंत येतो, म्हणून उंच व अरुंद भांड्यापेक्षां लांबरुंद टाकी बरी. शिवाय मोठा पाणीसांठा सावकाश तापतो. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ४५ उंच अशा टाकींत सुमारें १८२ लिटर पाणी मावतें. हात तळापर्यंत पोंचतो आणि झाडांना उजेडहि पुरतो. मात्र पाण्याचेंच वजन १८२ किलो भरतें. वाळू व काच निराळी. तेव्हां बैठक भक्कम व सपाट हवी.

उजेडासाठीं खिडकीवर विसंबून राहण्याचें आतां कारण नाहीं. १९३८ सालीं बाजारांत आलेल्या नळीदिव्यांनीं आणि त्यानंतर एलईडी दिव्यांनीं, फार उष्णता न देतां, ही सोय करून दिली. दिवा वरून असावा. आरंभीं दिवसाकाठीं सहा ते आठ तास पुरे. अधिक उजेडानें झाडें अधिक वाढतील ही समजूत खोटी. बहुधा शेवाळच माजतें.

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयानें १९५१ सालापासून कित्येक पिढ्यांतील मुलांना काचेपुढें खिळवून ठेविलें. त्यांतल्या एखाद्यानें घरीं टाकी आणावी, यांत नवल नाहीं. परंतु मासे घेण्यापूर्वीं टाकी, दिवा व झाडें सिद्ध करावीं. आधीं तळें आणि मग मासे, हा क्रम निसर्गानेंच घालून दिला आहे.