स्पेनमधलं नारिंग: शब्द, ग्रंथ आणि पाणी

स्पेनमध्ये नारिंग कोणी नेलं? 'अरबांनी' असं उत्तर पाठ्यपुस्तकांत एका ओळीत मिळतं. ते चुकीचं नाही. पण ते कशावरून कळतं, हे आज आपण पाहू.

पहिला पुरावा शब्दांचा. संस्कृत नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांखा. आपलं नारिंगही याच घरातलं. स्पॅनिशमध्ये पाटाला असेकिया, रहाटाला नोरिया आणि नारिंगाच्या फुलाला असाहार म्हणतात. हे तिन्ही शब्द मुळात अरबी. हे साहजिकच आहे. ही झाडं पावसाळी आशियातली. भूमध्य समुद्राकाठी मात्र पाऊस पडतो हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा जातो. बाग करायची तर पाटाचं पाणी हवंच.

पण शब्दावरून वाट कळते, तारीख कळत नाही. तारखेसाठी ग्रंथांकडे वळावं लागतं. 10व्या शतकातला मसूदी सांगतो की, हिजरी 300 नंतर, म्हणजे साधारण इ. स. 912 नंतर, नारिंग हिंदुस्थानातून ओमानला आणि तिथून बसरा, सीरियाकडे गेलं. आता कोर्दोबाची मोठी मशीद घ्या. तिच्या अंगणाला 'नारिंगांचं अंगण' म्हणतात. पण मशिदीचं बांधकाम सुरू झालं 8व्या शतकात! मसूदीचं म्हणणं धरलं, तर पहिल्या कारागिरांनी नारिंग पाहिलंही नसेल. 12व्या शतकाच्या अखेरीस सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामने मात्र आपल्या शेतीग्रंथात या झाडांच्या लागवडीची माहिती दिली आहे. हे नारिंग कडू-आंबट, बरं का. गोड फळ युरोपात रुजलं ते 15व्या शतकाच्या अखेरीनंतर.

1983 मध्ये अँड्र्यू वॉटसन यांनी या साऱ्याला इस्लामी जगातली शेतीक्रांती म्हटलं. 2009 मध्ये मायकेल डेकर यांनी आक्षेप घेतला की, यातली काही पिकं आधीपासूनच होती. पण त्यांचा भर भात, कापूस, गहू यांवर होता. 2017 मध्ये दाफ्ना लांगगुट यांनी परागकण आणि बियांचे पुरावे एकत्र मांडले. त्यानुसार महाळुंग आणि लिंबू प्राचीन काळीच भूमध्य प्रदेशात पोचले होते. कडू नारिंग 10व्या शतकापासून. म्हणजे 'अरबांनी आणलं' हे नारिंगाला लागू पडतं, सगळ्या लिंबूवर्गाला नाही.

याचं महत्त्व काय? 1238 मध्ये पहिल्या जेम्स राजाने व्हॅलेन्सिया जिंकलं, पण पाणीवाटप मुसलमानांच्या काळात होतं तसंच चालावं असं ठरवलं. 1609 पासून मोरिस्कोंना, म्हणजे बाटवलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, हाकलून दिलं. व्हॅलेन्सिया राज्याची सुमारे एक तृतीयांश वस्ती गेली. पाट तिथेच राहिले. आजही दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दाराशी शेतकऱ्यांचं पाणी-न्यायालय बसतं. तोंडी सुनावणी, तिथल्या तिथे निकाल.

पाट मुळात रोमन की अरब, हा वाद विद्वानांत अजून चालू आहे. आम्हाला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. माणसं घालवून दिल्यावर त्यांची विद्या आपलीच होती, असं म्हणणं सोपं जातं. तेव्हा शब्द, ग्रंथ आणि परागकण नीट वाचणारा कुणीतरी लागतो. इतिहासाचं काम एवढंच, पण ते करावं लागतं.