गोखल्यांनी न सांगितलेली नावे

१/ नवे ॲप घेतले की ते फोनमधील संपर्कांची यादी पाहण्याची परवानगी मागते. आपण होकार देतो. त्या यादीतील माणसांना मात्र कोणी विचारलेले नसते. दुसऱ्याने विश्वासाने आपल्यापाशी ठेवलेल्या नावावर आपला अधिकार किती, हा प्रश्न १८९७ साली पुण्याच्या एका तरुण प्राध्यापकापुढे फार कठोर रूपात उभा राहिला होता. आजचा धागा त्याविषयी.

२/ १८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेग उद्भवला आणि लवकरच तो पुण्यात पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. वॉल्टर चार्ल्स रँड हा सनदी अधिकारी पुण्याच्या प्लेग समितीचा अध्यक्ष म्हणून रुजू झाला. मार्चपासून सैनिकांच्या तुकड्या घरोघर झडती घेऊ लागल्या.

३/ रोग भयंकर होता आणि रुग्ण शोधणे आवश्यक होते, हे मान्य करणारेही झडतीच्या रीतीने संतापले. गोरे शिपाई माजघरात आणि देवघरात शिरत. सामान जाळले जाई. रुग्णाबरोबर घरच्या माणसांनाही विलगीकरणाच्या छावणीत नेले जाई. स्त्रियांच्या अप्रतिष्ठेच्या तक्रारी येऊ लागल्या. पण ज्यांच्याविरुद्ध तक्रार, दाद मागायची तीही त्यांच्याच वरिष्ठांकडे.

४/ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते गेले होते. वय अवघे एकतीस. पुण्याहून स्नेह्यांची पत्रे त्यांच्याकडे येत आणि त्यांत झडत्यांच्या हकीकती असत.

५/ २२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या बंगल्यात झाला. तीच वास्तू आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. तेथून परतताना रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलै रोजी मरण पावला.

६/ त्याच दिवसांत गोखल्यांनी 'मँचेस्टर गार्डियन' या वृत्तपत्राला मुलाखत दिली. सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला व त्यांपैकी एकीने आत्महत्या केली, असे आपल्याला कळल्याचे त्यांनी सांगितले. आधार होता पुण्याहून आलेल्या पत्रांचा. इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. मुंबई सरकारने आरोप फेटाळला आणि पुराव्याची मागणी सुरू झाली.

७/ पुरावा देणे म्हणजे पत्रे कोणी लिहिली ते सांगणे. त्या जुलैमध्ये पुण्यात नाव उघड होण्याचा अर्थ काय होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. महिनाअखेरीस लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. सप्टेंबरमध्ये त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. सरदार नातू बंधूंना तर १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली खटल्याविनाच स्थानबद्ध करण्यात आले.

८/ जुलैअखेर गोखले मुंबईस उतरले. पत्रलेखक पुढे येऊन साक्ष देण्यास तयार नव्हते आणि आरोप सिद्ध करण्याचे दुसरे साधन हाती नव्हते. गोखल्यांनी त्यांची नावे सरकारला दिली नाहीत. ऑगस्टच्या आरंभी त्यांनी आरोप मागे घेऊन जाहीर माफी मागितली. तिचा फटका मोठा होता. भित्रेपणाचा ठपका आला, आणि त्या वर्षाअखेर अमरावतीला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनातही ही नाराजी त्यांना जाणवली.

९/ आपल्याकडे या माफीची चर्चा बहुधा धैर्य की दुबळेपणा, या एकाच अंगाने होते. वास्तविक येथे दोन कर्तव्ये गुंतलेली होती. ऐकीव बातमी पारखून मगच प्रसिद्ध करावी, हे पहिले. तेथे गोखले चुकले. विश्वासाने लिहिणाऱ्याचे नाव संकटात टाकू नये, हे दुसरे. ते त्यांनी स्वतःची अब्रू खर्चून पाळले. पहिले चुकले की दुसरे किती महाग पडते, याचा हा धडा आहे.

१०/ याच प्रसंगाची दुसरी बाजू पंडिता रमाबाईंच्या कृतीत दिसते. मे १८९७ मध्ये त्यांनी पुण्यातील प्लेग व्यवस्थेवर टीका करणारे पत्र स्वतःच्या नावाने 'बॉम्बे गार्डियन'मध्ये प्रसिद्ध केले. आपले नाव पुढे करून जोखीम पत्करणे हा ज्याचा त्याचा अधिकार. दुसऱ्याच्या नावाबाबत तो अधिकार आपल्याला नसतो.

११/ सत्तेला मजकुराइतकेच नावांचे मोल असते. कोणी कोणाला लिहिले, एवढे कळले तरी संबंधांचे सारे जाळे उलगडते. १८९८ च्या टपाल कायद्यात सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणास्तव टपाल अडवण्याचा अधिकार सरकारकडे होता. तो कायदा जाऊन २०२३ चा नवा टपाल कायदा आला, तरी टपाल अडवण्याची तरतूद कायम राहिली.

१२/ १८९७ च्या पुणेकराला उंबऱ्याआतील आयुष्यासाठी घटनात्मक संरक्षण नव्हते. आपल्याला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. शासनाला त्यावर मर्यादा घालायची तर कायदा हवा, उद्देश न्याय्य हवा आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा. रँडच्या झडत्यांमागे कायदा होता, उद्देशही होता. घोडे अडले ते प्रमाणापाशी.

१३/ २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्याने आपली माहिती बाळगून ती कशी वापरायची हे ठरवणाऱ्या संस्थेला दिलेल्या इंग्रजी संज्ञेचा गाभा 'विश्वस्त' असा आहे. म्हणजे माहिती ही ठेव. पण एखाद्या व्यक्तीने निव्वळ खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. मैत्रिणीने सांगितलेली गोष्ट घरच्या गटात पोहोचली, तर हा कायदा बहुधा तेथवर पोहोचणार नाही. तेथे विश्वस्त आपणच.

१४/ म्हणून सवयी लहान असल्या तरी उपयोगाच्या. ॲपला गरज नसेल तर संपर्कांची परवानगी नाकारावी. दिलेली परवानगी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन काढून घेता येते. कोणाच्या संदेशाचा स्क्रीनशॉट पाठवण्यापूर्वी त्याला विचारावे. अन्याय उघड करण्यासाठी तो दाखवणे भागच असेल, तर नाव, क्रमांक आणि छायाचित्र आधी झाकावे. आणि खातरजमा झाली नसेल तर पुढे पाठवूच नये.

१५/ गोखले १९०५ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. गेलेली प्रतिष्ठा त्यांना कामाने परत मिळवता आली. पत्र लिहिणाऱ्या सामान्य पुणेकराचे नाव एकदा सरकारदरबारी पोहोचले असते, तर ते परत घेण्याची सोय नव्हती. आज आपल्या बोटाखालून जाणाऱ्या नावांचीही तीच गत आहे.